टाऊन हॉलहून निघालेले चौघे

१२ डिसेंबर १९२६ रोजी कोलकात्याच्या टाऊन हॉलपासून चार तरुण सायकलवर निघाले. अशोक मुखर्जी, बिमल मुखर्जी, आनंद मुखर्जी आणि मणींद्र घोष. बेत एवढाच, की सायकलवर जगप्रदक्षिणा करायची. टाऊन हॉल आमच्या विजय दुर्गपासून, म्हणजे पूर्वीच्या फोर्ट विल्यमपासून, फार लांब नाही. मैदान ओलांडून उत्तरेला गेलं की पूर्वीच्या राजभवनाच्या पश्चिमेला त्याचे भक्कम खांब दिसतात. मात्र त्या चौघांची आठवण बंगालबाहेर फारशी कोणी काढत नाही.

१९२६ हे साल महत्त्वाचं आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी लष्करभरतीसाठी ‘लढाऊ जमाती’ ठरवल्या आणि १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांनी तो विचार पक्का केला. बंगाली माणूस या यादीबाहेर राहिला. तो हुशार, पण अंगाने मऊ, असा शिक्का बसला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये ‘४९ वी बेंगॉलीज’ पलटण उभी राहिली. कवी काझी नझरुल इस्लाम याच पलटणीत कराचीला हवालदार होते. युद्ध संपलं, आणि १९२० मध्ये पलटण मोडली.

आपल्याकडेही हेच घडलं. ज्या महार सैनिकांनी कंपनीच्या मुंबई फौजेत पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली, त्यांची भरती १८९०च्या दशकात बंद झाली. महायुद्धासाठी १११ वी महार पलटण उभी केली, तीही १९२१ पर्यंत मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावं लागलं. हिंमत आहे की नाही, हे भरतीच्या टेबलामागे बसलेला साहेब ठरवत होता.

सायकलला साहेबाची सही लागत नव्हती. त्या पिढीच्या सायकल मोहिमांचं मोल मला इथे दिसतं. बंगालआधी हे धाडस मुंबईने केलं होतं. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी, सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून परतले. बलुचिस्तानात ते झियारतला, साधारण ८,००० फुटांवर आणि त्याच्याही वर प्रॉस्पेक्ट पॉइंटला, बर्फातून पोचले. बगदाद ते अलेप्पो हे वाळवंट त्यांनी २३ दिवसांत पार केलं. पुढे आल्प्सही चढले.

सिंहगडाच्या घाटात आजची गियरवाली सायकल चढवताना ज्यांची छाती भरून येते, त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तेव्हाच्या साध्या सायकलला गियर बदलायची सोय नसे. टूर द फ्रान्स १९१० मध्येच तुर्मालेसारख्या पिरेनीजमधल्या घाटांवर गेली होती, पण स्पर्धकांना डिरेलर वापरायची परवानगी मिळाली १९३७ मध्ये. तोवर पायथ्याशी उतरायचं, मागचं चाक काढून उलटं बसवायचं आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या दातेरी चकतीवर चढ घ्यायचा. लांबच्या प्रवाशाकडे त्यावर सामानाचं ओझं. चढ फारच उभा असेल तर खाली उतरून सायकल ढकलणं हाच मार्ग. उतारही सोपा नसतो, कारण लादलेली सायकल ब्रेकला सहजासहजी जुमानत नाही.

डोंगरात हालचाल केलेल्या कुठल्याही जवानाला हे सांगायला नको. तुकडीचा वेग सर्वांत मागच्या माणसाचा असतो. कोणाला ताप येतो, कोणाचे पैसे संपतात, कोणाला घर आठवतं. मुंबईच्या सहांतले निम्मे गळाले. कोलकात्याच्या चौघांच्याही वाटा पुढे वेगळ्या झाल्या. खडकवासल्याला आम्ही सायकलींचे स्क्वाड करून रांगेत जायचो. रांग मोडली की सगळ्यांना शिक्षा. या लोकांना रांगेत ठेवणारं वर कोणी नव्हतं. म्हणून अर्ध्यातून परतलेल्यांना मी कमी लेखत नाही. तेहरानपर्यंत सायकलने जाऊन माघारी फिरलेला माणूसही माझ्या हिशेबी सलामीचा हक्कदार आहे.

बिमल मुखर्जी एकटे पुढे गेले. खिशात पैसा नसायचा. मग त्यांनी मासेमारीच्या ट्रॉलरवर काम केलं, डेन्मार्कमध्ये गोठ्यात राबले, आणि पुढच्या देशापुरती कमाई झाली की पुन्हा पेडल. ते कोलकात्याला परतले १९३७ मध्ये, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षांनी. त्यांचं ‘दुचाकाय दुनिया’ हे बंगाली पुस्तक आहे. बंगाली वाचता येत असेल तर जरूर मिळवा.

‘मऊ’ ठरवलेल्या समाजातला हा माणूस. सैन्यात एवढी वर्षं काढल्यावर माझा अनुभव सांगतो, की कोण किती टिकेल हे आडनावावरून, प्रांतावरून किंवा छातीच्या मापावरून कळत नाही. ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी चढावर कळतं. स्वतंत्र भारताने वर्गनिहाय भरतीची मुभा टप्प्याटप्प्याने सर्वांना खुली केली, तरी मेसच्या गप्पांत ‘अमुक प्रांताची पोरं’ हे वाक्य अजून कानावर येतं. तसं कोणी बोललं तर त्याला टाऊन हॉलच्या या चौघांची गोष्ट सांगावी.