ब्रिजचा क्लब : टेबल आणि दार

आजचा विषय पत्त्यांचा आहे म्हटल्यावर काहींच्या चेहऱ्यावर हसू आलं, ते आम्हाला दिसलं. साहजिक आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे पत्ते मे महिन्याच्या सुट्टीत, माजघरातल्या सतरंजीवर सुरू झालेले असतात. बदाम सात, झब्बू, मग थोडं वय वाढलं की मेंढीकोट. हुकूम, उतारी, भिडू, हात करणं हे शब्द तिथेच आपल्या तोंडी बसले. ब्रिज याच घराण्यातला खेळ. चार माणसं, दोन जोड्या, तेरा-तेरा पानं. पण आज आपण खेळापेक्षा तो जिथे खेळला जातो त्या क्लबाचा इतिहास पाहू. कारण क्लबाला एक टेबल असतं आणि एक दार असतं. दोघांचे नियम सारखे असतीलच असं नाही.

आधी टेबल. ब्रिजचा पूर्वज म्हणजे इंग्लंडातला व्हिस्ट. त्यातली जुनी तक्रार एकच: पानं चांगली आली म्हणून जिंकलात, यात तुमचं काय? १८५७ साली लंडनमध्ये हेन्री जोन्स यांनी (‘कॅव्हेंडिश’ या नावाने ते लिहीत) एक प्रयोग केला. चांगल्या आणि कच्च्या खेळाडूंना दोन टेबलांवर तीच पानं खेळायला दिली. चांगले खेळाडूच वरचढ ठरले. नशीब बाजूला काढता येतं, हे दिसलं. यातूनच पुढे ‘डुप्लिकेट’ पद्धत रुजली, आणि आजचे बहुतेक ब्रिज क्लब तिच्यावर उभे आहेत. १९२५ साली हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी एका जहाजावरच्या प्रवासात काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत आकाराला आणली, आणि काही वर्षांत अमेरिका या खेळाने वेडी झाली. किती वेडी? १९२९ मध्ये कॅन्सस सिटीत नवऱ्याने चार इस्पिकचा डाव बुडवला म्हणून झालेल्या भांडणात मर्टल बेनेट या बाईंनी त्याला गोळी घातली. खटल्यात त्या निर्दोष सुटल्या!

आता क्लबातली एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. समजा आठ टेबलं आहेत. प्रत्येक टेबलावर चार खणांचा एक बोर्ड, खणात पानं. आपण पान मधे टाकत नाही; स्वतःच्या समोरच ठेवतो. हात जिंकला तर पान उभं, हरला तर आडवं. डाव संपला की आपली तेरा पानं परत आपल्या खणात. मग उत्तर-दक्षिण जोडी जागेवर बसते, पूर्व-पश्चिम जोडी एका बाजूच्या टेबलाकडे जाते आणि बोर्ड उलट्या बाजूला. शेवटी तुमची तुलना समोर बसलेल्यांशी होत नाही. तीच पानं घेऊन, त्याच दिशेला बसलेल्या इतर सात जोड्यांशी होते. जिच्यापेक्षा सरस, तिच्याबद्दल दोन गुण. बरोबरी झाली तर एक. म्हणजे एका बोर्डावर जास्तीत जास्त चौदा. भिकार पानं आली तरी सगळ्यांत कमी नुकसान करणारा पहिला येतो. निवृत्त कारकून आणि कारखान्याचा मालक, दोघांपुढे तीच पानं. यापेक्षा न्याय्य टेबल शोधून सापडायचं नाही.

आणि मग चहा. ‘तू बदाम का नाही उतरलास?’ ‘तुम्ही बोली कुठे दिलीत?’ भिडू-भिडूंची ही उलटतपासणी म्हणजे क्लबाचं खरं सामाजिक जीवन. वर्षानुवर्षं याच टेबलांवर मैत्र्या जमतात.

आता दाराकडे येऊ. ज्या काळात अमेरिकेत हे न्याय्य टेबल घरोघरी पोचत होतं, त्याच काळात तिथल्या मोठ्या स्पर्धा कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होत्या. पानं सर्वांना सारखी. मात्र आत आलेल्यांनाच. म्हणून १९३२ साली व्हर्जिनियातल्या बकरो बीच इथे त्यांनी स्वतःची संघटना काढली: अमेरिकन ब्रिज असोसिएशन. स्वतःचे क्लब, स्वतःच्या राष्ट्रीय स्पर्धा. १९४९ ते १९६४ तिचे अध्यक्ष होते व्हिक्टर डेली. पहिल्या महायुद्धात अधिकारी असलेले हे गृहस्थ कादंबरीकारही होते. देशासाठी लढायला चाललं. पत्ते खेळायला चालत नव्हतं.

गोऱ्यांची मुख्य संघटना, अमेरिकन काँट्रॅक्ट ब्रिज लीग, १९३७ मध्ये उभी राहिली. तिथे कुणाला सदस्य करायचं हे बराच काळ स्थानिक शाखेच्या हाती होतं. हे नीट लक्षात घ्या. ‘आम्ही कुठे अडवतो? शाखेने ठरवलं,’ असं वर म्हणता येतं, आणि खाली दार बंदच राहतं. वर्णावरून सदस्यत्व नाकारता येणार नाही, असा नियम व्हायला १९६७ साल उजाडलं. बकरो बीचनंतर तब्बल ३५ वर्षं! दार उघडल्यावर जुनी संघटना मोडली का? नाही, ती आजही आहे. जी जागा माणसांनी अपमानातून उभी केली, ती त्यांची घरच झाली होती.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर पुण्याकडे बघा. बाळू पालवणकर, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारे दलित गोलंदाज. पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना मैदानात ते सर्वांच्या बरोबरीने, मात्र चहाच्या वेळी पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. चेंडू चालत होता, कप चालत नव्हता.

तेव्हा खेळाच्या इतिहासात आपण नुसते विजेते मोजून भागत नाही. नियमपुस्तक टेबलापाशी सुरू होतं. इतिहास त्याआधी, उंबऱ्यापाशी सुरू होतो. आपणही कुठल्या ना कुठल्या क्लबाचे, मंडळाचे, सोसायटीचे सदस्य असतोच. तिथे पानं कशी वाटतात हे आपल्याला तोंडपाठ असतं. पुढच्या वेळी जरा दाराकडेही बघू या. कोण आलं नाही, आणि का?