न दिसणारा नफा

ठाणें जिल्ह्याच्या जुन्या व्यापाराचें एक सुख होतें: तो डोळ्यांना दिसत असे. कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल मोजतां येई, नाक्यावर गाडी अडवितां येई. जकात घेणाऱ्यास व्यापाऱ्याच्या मनांत शिरण्याचें कारण पडत नसे. 1860 सालीं जेम्स विल्सन यांनीं प्राप्तीवरील कर आणला, तेव्हां तुझी मिळकत किती तें तूंच सांग, असें सरकार प्रजेस म्हणूं लागलें. लोकांस हा प्रश्नच जाचक वाटला, आणि त्याच डिसेंबरांत, तेव्हां याच जिल्ह्यांत असलेल्या वसईस, कराविरुद्ध मोठा जमाव उठला.

पुढें अमेरिकेंतील यादवीमुळें कापूस चढला व मुंबईंत शेअरांच्या मुदती सौद्यांस ऊत आला. कागदावर माणसें लक्षाधीश होत असतां सरकारनें 1863 त कराचा दर शेंकडा चारावरून तिनावर आणला. आणि 1865 त, फुगा फुटला त्याच वर्षीं, तो करच संपला!

आज डोंबिवलीचा तरुण लोकलमध्यें उभ्याउभ्या हातांतील फोनवर बिटकॉइन घेतो आणि ठाणें येण्यापूर्वीं विकतो. याला ना बंदर, ना नाका. म्हणून सरकारनें 1 एप्रिल 2022 पासून अशा नफ्यावर शेंकडा 30 कर बसविला. त्यांतून खरेदीची किंमत तेवढी वजा होते. तोटा मात्र होत नाहीं. एका नाण्यांत लाख मिळविले व दुसऱ्यांत लाख घालविले, तर हातीं शून्य आणि देणें तीस हजार. हा न्याय आम्हांस कळत नाहीं. किराण्याच्या दुकानदारासही कोणी असा हिशेब लावीत नाहीं.

1 जुलै 2022 पासून विक्रीच्या रकमेंतून शेंकडा एक कापून घेण्याचा जो नियम झाला, तो म्हणजे जुना नाकाच होय. सगळें भांडवल शंभर वेळां फिरविणाऱ्याच्या हातीं त्यामुळें सदतीस टक्क्यांहून कमीच उरतें. बाकीचें विवरणपत्र भरल्यावर करांत वळतें होणार किंवा परत मिळणार, पण तोंवर धंदा कशावर करावा? नाका चुकविणारे आडवाटेनें जातातच. येथें आडवाट परदेशी पेढ्यांची निघाली. डिसेंबर 2023 त बायनान्ससह नऊ पेढ्यांस नोटिसा गेल्या, त्याही कराकरितां नव्हे, तर काळा पैसा रोखण्याच्या कायद्याखालीं. आणि 2024 त बायनान्सवर 18 कोटींहून अधिक दंड बसला. कल्याणचा जो व्यापारी देशांतच राहून कर भरीत आला, त्याचा वजा न झालेला तोटा मात्र त्याच्याच वहींत राहिला.