वारल्यांची वाट आणि सरकारांच्या सीमा

केळव्याच्या किनार्‍यावरचा भुईकोट पाहावयास येणारा प्रवासी पोर्तुगीजांची आठवण काढतो आणि परत फिरतो. परंतु त्याच गांवाच्या पूर्वेस, रेल्वेचा रूळ ओलांडल्यावर जो रानपट्टा लागतो, तो डहाणू, जव्हार, तलासरी यांच्या डोंगरांतून थेट दमणगंगेपर्यंत गेलेला आहे. आणि त्या सबंध पट्ट्यांत वारल्यांचे पाडे आहेत. बोली तीच, वाघदेव तोच, तांदळाच्या पिठानें भिंतीवर काढलेला पालघट देवीचा लग्नचौकहि तोच. या लोकांनीं आपल्या मुलखास कधीं सीमा घातली नाहीं. ती घातली इतरांनीं, आणि तीहि पुन्हां पुन्हां.

इ. स. १७३९ च्या जानेवारींत चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत केळवें-माहीम व तारापूर मराठ्यांच्या हातीं आलें; दमण मात्र पोर्तुगीजांकडेच राहिलें. पुढें मराठी आरमारामुळें पोर्तुगीजांच्या ‘सांताना’ नांवाच्या जहाजाची हानि झाली. तिची भरपाई म्हणून १७७९ च्या तहान्वयें १२,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख देण्याचें ठरलें, आणि १७८३ सालीं नगर हवेलीचीं ७२ गांवें दमणकरांस मिळालीं. दोन वर्षांनीं दादराहि गेलें. एका जहाजाच्या मोबदल्यांत रान गेलें. रानांतल्या माणसांस कोणी विचारलें नाहीं. त्या काळीं तशी रीतच नव्हती, असें कोणी म्हणेल. पण तें सर्वस्वीं खरें नव्हे. १७५१ सालीं स्वीडन व नॉर्वे यांमधील सीमा ठरतांना, रेनडियरचे कळप घेऊन फिरणार्‍या सामी लोकांची जुनी वाट मोकळी ठेवण्यांत आली. आणि १७९४ च्या जे तहांत इंग्लंड-अमेरिकेनें सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या इंडियन लोकांस मोकळेपणीं येण्याजाण्याचा हक्क मान्य केला.

पेशवाई गेली, इंग्रज आले व गेले. ती सीमा मात्र राहिली. १९५४ च्या जुलै-ऑगस्टांत स्वयंसेवकांनीं दादरा व नगर हवेली मुक्त केली. दमणहून तेथें जाणारी वाट भारत सरकारनें अडविली होती, म्हणून पोर्तुगालनें १९५५ सालीं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांत दावा लावला. १२ एप्रिल १९६० रोजीं निकाल झाला. मराठ्यांनीं दिला तो केवळ महसुलाचा हक्क होता, सार्वभौमत्व नव्हे, असें न्यायालयानें ठरविलें. खासगी व्यक्ति, मुलकी अधिकारी व माल नेण्याआणण्याचा हक्क १९५४ सालीं पोर्तुगालास होता, फौज व शस्त्रें नेण्याचा नव्हता; आणि वाट रोखण्यांत भारतानें आपलें कर्तव्य मोडलें नाहीं. चार वर्षांहून अधिक काळ वाटेवर वाद झाला, पण हक्क सांगितला गेला तो लिस्बनच्या सरकारचा. डोक्यावर मोळी घेऊन ती वाट रोज तुडविणारा वारली त्यांत फार तर ‘खासगी व्यक्ति’ या शब्दांपुरता होता.

निकालास एकोणीस दिवस होतात न होतात तोंच, १ मे १९६० रोजीं, नवी रेघ पडली. ठाणें जिल्ह्याच्या उंबरगांव तालुक्याचे दोन तुकडे झाले. बराचसा भाग गुजरातेंत गेला, उरलेला तलासरी म्हणून महाराष्ट्रांत राहिला. याच जुन्या तालुक्यांतील झरी गांवीं १९४५ च्या मे महिन्यांत हजारों वारली वेठ व लग्नगडीची पद्धति यांविरुद्ध एकत्र जमले होते. त्या वेळीं कोण कोणत्या राज्याचा, हा प्रश्न कोणाच्या मनांतहि नव्हता. ११ ऑगस्ट १९६१ रोजीं दादरा-नगर हवेली भारतांत विलीन होऊन केंद्रशासित झाली. मुलूख एका देशाचा झाला, सरकारें मात्र तीन.

आतां पायाला कोणी अडवीत नाहीं. चैत्री पौर्णिमेला डहाणूजवळच्या महालक्ष्मीच्या यात्रेस तिन्हीकडचे आदिवासी येतात. अडचण आहे ती कागदाची. अनुसूचित जमातींच्या तिन्ही याद्यांत वारल्यांचें नांव आहे. पण यादी ज्या त्या राज्यापुरती. एका राज्यांतून दुसर्‍यांत स्थायिक होणार्‍यास मूळच्या सवलती तेथें मिळत नाहींत, हें तत्त्व सर्वोच्च न्यायालयानें १९९० सालीं सांगितलें व २०१८ सालीं राज्यांपुरतें कायम केलें. दूर प्रांतांतून येणार्‍याच्या बाबतींत या नियमांत अर्थ आहे. पण तलासरीचा वारली चार कोसांवर उंबरगांवास, आपल्याच सोयर्‍यांच्या पाड्यावर, घर बांधून राहिला, तर त्याचा मुलगा तेथल्या सरकारी नोकरीच्या राखीव जागेसाठीं परका ठरतो. आणि त्याच पाड्यावरच्या त्याच्या आतेभावाला ती जागा मागतां येते.