हजेरीपटाबाहेरची मुले

१९७२च्या दुष्काळाचा इतिहास आपल्याकडे बहुधा मोठ्या माणसांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. खडी फोडणारे हात, नालाबांध, पाझर तलाव, तांबडी मिलो. आजचा जालना जिल्हा तेव्हा नव्हता. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणीत होता. १ मे १९८१ रोजी ते एकत्र आले. मे १९७३मध्ये राज्यभरात पन्नास लाखांच्या आसपास माणसे दुष्काळी कामांवर होती. भूकबळींची मोठी लाट आली नाही, याचे श्रेय ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अभ्यासकांनी या कामांना दिले आहे, आणि ते योग्यच आहे.

परंतु जगलेले मूल त्या भुकेतून सुटले, असे मानणे घाईचे ठरेल. हजेरीपटावर मजुराचे नाव असे. झोळीत निजलेल्या तान्ह्याला त्यात रकाना नव्हता. कामांवर सुकडी वाटली जाई (तिची चव वडीलधाऱ्यांच्या जिभेवर अजून आहे), पण ती कोणत्या वयाच्या मुलाच्या अंगी लागली, हा प्रश्न दुष्काळाच्या आपल्या कथनात येतच नाही.

योगायोग असा, की त्याच सुमारास, १९६९ ते १९७७ या काळात, मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालाच्या चार गरीब खेड्यांत नेमका हाच प्रश्न विचारला जात होता. दोन खेड्यांना ‘आतोले’ ही प्रथिनयुक्त पेज मिळे, दोन खेड्यांना नुसते गोड पेय. ती मुले मोठी झाल्यावर संशोधकांनी त्यांना पुन्हा गाठले. आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेल्या पुरुषांची ताशी कमाई सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक होती. तिसऱ्या वर्षानंतर मिळालेल्या पेजेने असा फरक पडला नव्हता. स्त्रियांच्या कमाईत मात्र तो दिसला नाही. त्यांना मिळणारे कामच वेगळे, हे एक कारण असावे.

स्त्रियांच्या बाबतीत भुकेचा माग दुसरीकडे शोधावा लागतो. बहात्तरच्या तान्ह्या मुली नव्वदच्या दशकात आया झाल्या होत्या. १९९३पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. ही बाळे किडकिडीत होती, तरी अंगातील चरबी त्या मानाने टिकून होती, आणि पुढच्या मधुमेहाची बीजे या ठेवणीत दिसतात, असे या संशोधकांचे म्हणणे आहे. एकट्या दुष्काळावर हे ढकलता येणार नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे अर्धपोटी जिणे त्यामागे आहे.

अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी आली. तरीही मंठा, घनसावंगी, परतूर भागातील कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या हिशेबात एक कोयता म्हणजे नवराबायको, आणि उचल त्यावरच ठरते. मुलाचे नाव गावच्या अंगणवाडीच्या वहीत राहते; मूल पाच-सहा महिने फडाजवळच्या कोपीत असते.