न मेलेल्या प्रोटॉनची नोंद

१९८० च्या अखेरीस कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे २३०० मीटरवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ओसाका सिटी विद्यापीठाच्या सहकार्याने एक यंत्र सुरू केले. प्रोटॉनला मरण आहे का, एवढेच त्याने पाहायचे होते. आपला रायगड जवळजवळ तीन वेळा एकावर एक रचावा, इतका खडक त्याच्या माथ्यावर होता.

प्रोटॉन अमर आहे असेच तोवर मानले जाई. १९७४ मध्ये जॉर्जी आणि ग्लॅशो यांनी निसर्गातील तीन बलांना एका सूत्रात गुंफणारा सिद्धांत मांडला. त्यानुसार प्रोटॉनचाही क्षय व्हायला हवा होता, पण त्याचे आयुर्मान एकावर तीस-एकतीस शून्ये इतक्या वर्षांचे. विश्वाचेच वय १३८० कोटी वर्षे. मग वाट पाहायची किती? उत्तर सोपे होते : एका प्रोटॉनवर युगानुयुगे नजर ठेवण्याऐवजी असंख्य कणांवर वर्षभर ठेवायची. कोलारच्या यंत्रात १४० टन सामग्री होती, मुख्यतः लोखंड. म्हणजे दहा टनी चौदा ट्रकांचा माल. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून आठावर एकतीस शून्ये इतके कण भरतात. आयुर्मान एकावर एकतीस शून्ये असेल, तर वर्षाला सात-आठ क्षय घडावेत.

इतक्या खाली जाण्याचे कारण अंतराळातून येणारा कणांचा पाऊस. जमिनीवर आपल्या तळहातातून दर सेकंदाला एखादा म्यूऑन आरपार जातो. त्या गर्दीत वर्षाकाठच्या सात-आठ घटना कुठे शोधणार? खडक हे म्यूऑन अडवतो. होमी भाभांच्या संस्थेतील बी. व्ही. श्रीकांतन १९५० च्या दशकापासूनच कोलारमध्ये म्यूऑन मोजत होते. पुढे २७६० मीटरवर उपकरणे ठेवली, तेव्हा दोन महिन्यांत एकही म्यूऑन नोंदला गेला नाही. हे शून्यच कामी आले. इतकी शांतता असेल तर न्यूट्रिनोची चाहूल लागू शकेल, हे ध्यानात आले आणि १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा कोलारमध्ये सापडल्या. दक्षिण आफ्रिकेतील खाणीत तोच शोध घेणाऱ्या राइन्स यांच्या गटाचा निबंध त्यानंतर थोड्याच दिवसांत आला.

प्रोटॉनच्या बाबतीत एवढे यश आले नाही. मेनन, श्रीकांतन, नरसिंहम् आणि सहकाऱ्यांनी क्षयासारख्या दिसणाऱ्या काही घटना जाहीर केल्या. जगाचे लक्ष वेधले गेले, शंकाही निघाल्या. काही घटनांचे माग यंत्राच्या कडेपर्यंत जात होते. शिवाय म्यूऑन अडवणारा खडक न्यूट्रिनोला अडवत नाही, आणि न्यूट्रिनोची धडकही क्षयाचा आभास निर्माण करू शकते. अमेरिकेत ईरी सरोवराकाठच्या मिठाच्या खाणीत हजारो टन पाण्याचे यंत्र उभे राहिले. १९८३ मध्ये त्याने तो साधा सिद्धांतच अडचणीत आणला : अपेक्षित क्षय दिसलेच नाहीत.

पेण-रोह्याच्या शाळांमध्ये मी हा इतिहास सांगतो, तेव्हा मुले हटकून विचारतात, “म्हणजे शेवटी काहीच मिळाले नाही?” मिठागरांच्या गावात वाढलेल्या या मुलांना मिठाच्या खाणीचे मोठे अप्रूप वाटते. मी त्यांना सांगतो, कोलारचा दावा टिकला नाही, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. देशाभिमानापोटी त्याला शोध म्हणणे जितके चूक, तितकेच ते यंत्र फुकट गेले म्हणणेही चूक. प्रोटॉनसाठीच बांधलेल्या जपानच्या कामिओकांडेने १९८७ मध्ये फुटत्या ताऱ्याचे न्यूट्रिनो टिपले. त्याच्या थोरल्या वारसाने, सुपर-कामिओकांडेने, १९९८ मध्ये न्यूट्रिनो रूप पालटतात हे दाखवले. प्रोटॉनच्या क्षयाचा मात्र आजवर एकही खात्रीचा पुरावा नाही. क्षयाच्या एका प्रमुख मार्गासाठी आयुर्मानाची किमान मर्यादा एकावर चौतीस शून्यांच्याही पुढे गेली आहे.

कोलारचा प्रयोग १९९० च्या दशकाच्या आरंभी थांबला. २००१ मध्ये खाण बंद झाली, बोगद्यांत पाणी भरले. तितक्या खोलीवरची प्रयोगशाळा भारतात पुन्हा उभी राहिलेली नाही. दावा खोडता येतो, सुधारता येतो. पण जिथे बसून तो तपासायचा ती जागाच गेली, तर पुढचा प्रश्न दुसऱ्याच्या खाणीत जाऊन विचारावा लागतो.