पोलीस पर्यवेक्षण व नेतृत्वाचे प्रशिक्षण

हाताखालच्या पोलिसांना काम नेमून देणे, ते चालू असताना पाहणे, नोंदींवरून तपासणे, चूक वेळीच दुरुस्त करून घेणे आणि त्या कामाचे उत्तरदायित्व स्वतःवर घेणे, या कौशल्यांचे पोलीस दलातील शिक्षण. महाराष्ट्रातील पोलीस ठाण्यात ही जबाबदारी ठाणेदार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रभारी निरीक्षकापासून दुय्यम अधिकारी, फौजदार, बीट हवालदार आणि ठाणे अंमलदार यांच्यापर्यंत वाटलेली असते. ठाण्याबाहेर उपविभागीय पोलीस अधिकारी, अपर अधीक्षक व अधीक्षक, आणि आयुक्तालयात सहायक आयुक्त व उपायुक्त यांच्याकडे ती असते. हुकूम देण्याचा अधिकार पदाबरोबर येतो. पर्यवेक्षण मात्र वेगळे शिकावे लागते. भारतीय पोलीस व्यवस्थेने पहिल्यावर भर दिला आणि दुसरे बव्हंशी अनुकरणावर सोडले. उपलब्ध पुरावा पाहता हे कौशल्य शिकवता येते, पण त्याची खरी शाळा प्रशिक्षण केंद्रापेक्षा ठाणे हीच आहे, आणि जी सुधारणा रोज राबवणे ठाण्याच्या प्रमुखावर अवलंबून असते, ती त्याला सामील केल्याशिवाय तेथे रुजत नाही.

या विषयाचे वेगळेपण पोलीस कामाच्या स्वरूपात आहे. सैन्यातील तुकडी बहुधा आपल्या अधिकाऱ्याच्या नजरेसमोर काम करते. पोलीस शिपाई मात्र रात्रगस्तीत, नाकाबंदीत, घरगुती भांडणाच्या ठिकाणी किंवा तक्रारदारासमोर एकटा किंवा एखाद्या जोडीदाराबरोबर असतो. कोणाला सोडायचे, कोणाला ठाण्यात आणायचे, तक्रार दखलपात्र मानायची की नाही, हे निर्णय प्रत्यक्षात सर्वांत खालच्या पायरीवर होतात आणि वरिष्ठाला ते घडल्यानंतर कळतात. म्हणून पोलीस पर्यवेक्षकाला मुख्यतः दोन मार्गांनी काम करता येते. घटनेआधी हजेरीच्या वेळी सूचना देऊन, आणि घटनेनंतर स्टेशन डायरी, केस डायरी, मुद्देमाल नोंदवही व अटकेची कागदपत्रे वाचून. या दोन्ही कामांना लागणारी कौशल्ये, म्हणजे नेमके सांगणे, चिकित्सक वाचन, माणसाला न दुखावता चूक दाखवणे आणि गरज पडेल तेव्हा कसुरी अहवाल पाठवणे, कवायतीच्या मैदानावर शिकता येत नाहीत.

१८६१ च्या पोलीस कायद्याने उभी केलेली रचना १८५७ नंतरच्या राज्यकर्त्यांच्या गरजेतून आली. वरून आज्ञा, खालून पालन आणि शिपायाच्या विवेकाला कमीत कमी वाव, हे तिचे सूत्र होते. तिच्यातील उणीव लवकरच पुढे आली. अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील १९०२-०३ च्या पोलीस आयोगाने दलाचे प्रशिक्षण व संघटन सदोष असल्याचे आणि पर्यवेक्षण अपुरे असल्याचे स्पष्ट नोंदवले. त्यानंतर फौजदारांची थेट भरती आणि प्रांतिक प्रशिक्षण शाळा यांना चालना मिळाली. मुंबई इलाख्यातील शाळा १९०६ मध्ये पुण्याजवळील भांबुर्डे येथे सुरू होऊन १९०९ मध्ये नाशिकला गेली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ही तिचीच परंपरा होय. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये माउंट अबू येथे वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली. १९७५ मध्ये ती हैदराबादला हलली. आज ती सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमी म्हणून ओळखली जाते. १९७० मध्ये पोलीस संशोधन व विकास ब्यूरो स्थापन झाला. पाठोपाठ १९७१ मध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक आणि समाजशास्त्रज्ञ मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस प्रशिक्षण समिती नेमली गेली. कवायत व कायदा यांच्या जोडीला समाजाची जाण आणि वृत्तीतील बदल हेही प्रशिक्षणाचे विषय आहेत, आणि प्रशिक्षण भरतीच्या वेळी एकदाच उरकण्याऐवजी सेवेच्या टप्प्यांशी जोडलेले असावे, हा या समितीने दिलेला रोख आजही मार्गदर्शक आहे.

तो रोख वरच्या स्तरावर बऱ्याच अंशी उतरला. भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्यांसाठी सेवेच्या मध्यात टप्प्याटप्प्याने येणारे प्रशिक्षणक्रम आहेत आणि त्यांत नेतृत्व हा विषय ठळक असतो. पण दलातील चार पंचमांशांहून अधिक मनुष्यबळ शिपाई ते सहायक फौजदार या श्रेणींत आहे, आणि त्यांच्यावरचे रोजचे पर्यवेक्षण हवालदार, फौजदार व निरीक्षक करतात. शिपायाचा हवालदार झाला की त्याच्या कामाची जात बदलते. काल तो स्वतः काम करत होता. आज त्याने दुसऱ्यांकडून ते करून घ्यायचे असते, आणि तेही कालपर्यंत बरोबरीच्या असलेल्या सहकाऱ्यांकडून. महाराष्ट्रात २०२२ मध्ये पोलीस नाईक हे मधले पद वगळल्याने शिपायांना बढतीची वाट जवळची झाली, हे चांगलेच झाले. मात्र त्यामुळे दुसऱ्याचे काम पाहण्याची सवय लागण्याची एक पायरीही गेली. या वळणावर मिळणारे शिक्षण बहुतांशी कायद्यातील बदल आणि तपासतंत्र यांभोवती फिरते. कॉमन कॉज व लोकनीती या संस्थांच्या २०१९ च्या देशव्यापी अहवालानुसार पोलीस दिवसाला सरासरी १४ तास काम करतात, आणि वरिष्ठ आपल्या हाताखालच्यांना घरची किंवा खासगी कामे सांगतात, असे चारांपैकी एका पोलिसाने सांगितले. दुसरा निष्कर्ष तर थेट पर्यवेक्षणाच्या दर्जाविषयी आहे. ज्याला घरची भाजी आणायला पाठवले जाते, तो वरिष्ठाकडून कामाची शिस्त शिकत नाही. अधिकाराचा वापर कसा करायचा, एवढेच शिकतो आणि बढतीनंतर तसाच वागतो.

हे कौशल्य प्रत्यक्षात कसे दिसते, ते केस डायरीच्या तपासणीवरून चांगले कळते. पर्यवेक्षक अधिकारी डायरी वाचून शेरा लिहितो. ‘तपास त्वरित पूर्ण करून अहवाल सादर करावा’ हा ठरीव शेरा कोणत्याही गुन्ह्याला लागू पडतो आणि म्हणून तपासी अंमलदाराला काहीच शिकवत नाही. त्याच जागी ‘जप्त चाकू सीलबंद करून मुद्देमाल कारकुनाकडे कधी दिला, प्रयोगशाळेकडे कधी रवाना केला, या दोन तारखा डायरीत नाहीत, दोन पंचांपैकी एक जप्तीच्या वेळी हजर होता का, ते पुरवणी जबाबात स्पष्ट करा’ असा शेरा आला, तर अंमलदाराला खटला कोठे कच्चा आहे ते कळते आणि पुढच्या गुन्ह्यात तो त्या तारखा आधीच लिहितो. पहिला शेरा लिहायला अधिकार पुरतो. दुसऱ्यासाठी डायरी वाचावी लागते, आणि ती वाचायची कशी हे कोणीतरी शिकवलेले असावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या २०१४ च्या निर्णयात हाच धागा पकडला. निर्दोष सुटकेच्या प्रत्येक प्रकरणाची पोलीस व अभियोग खात्याच्या वरिष्ठांच्या समितीने छाननी करावी, चूक कोणाची हे ठरवावे आणि त्यातून निघालेले धडे कनिष्ठ तपास अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात घालावेत, असे त्यात सांगितले. फसलेला खटला म्हणजे पर्यवेक्षणाचे पाठ्यपुस्तक, ही कल्पना न्यायालयाने येथे बंधनकारक केली. मासिक गुन्हे आढावा बैठकीत प्रलंबित गुन्ह्यांची संख्या मोजण्यापलीकडे एका सुटलेल्या खटल्याची अशी चिरफाड झाली, तर वेगळ्या वर्गाची गरज बरीच कमी होईल.

शिकवल्याने फरक पडतो का, याचे भारतातील सर्वांत भक्कम उत्तर राजस्थानात मिळते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, राघवेंद्र चट्टोपाध्याय, डॅनियल केनिस्टन आणि राजस्थान पोलिसांतील अधिकारी नीना सिंह यांनी तेथील १६२ पोलीस ठाण्यांत यादृच्छिक पद्धतीने प्रयोग केला. बदल्या गोठवणे, कर्मचाऱ्यांना तपास व वागणुकीचे प्रशिक्षण देणे, साप्ताहिक सुटी व कामाची फिरती वाटणी, आणि ठाण्यात नागरिक निरीक्षक बसवणे, हे चार उपाय त्यात होते. पहिल्या दोन उपायांनी पोलिसांचे काम सुधारले आणि गुन्ह्याची झळ बसलेल्यांचे समाधान वाढले. सुटी आणि नागरिक निरीक्षक हे दोन उपाय मात्र निष्प्रभ ठरले. कल्पना वाईट होत्या म्हणून असे झाले नाही. ते उपाय रोज राबवणे ठाण्याच्या प्रमुखावर अवलंबून होते, त्यांनी त्याच्या मोकळीकीला लगाम बसत होता, आणि ते नीट राबवलेच गेले नाहीत. याच कारणाने हा प्रयोग प्रशिक्षणाच्या बाजूचा पुरावा आहे, तशीच त्याच्या मर्यादेची नोंदही आहे. शिपायाला शिकवता येते. पण ठाणेदाराला सुधारणा आपली वाटली नाही, तर कागदावरची सुटी कागदावरच राहते. उलट बाजूचे उदाहरण मुंबईचे. तेथे २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळ्यांचा प्रयोग सुरू झाला. त्याचा आराखडा एका शिपायाने मांडला होता आणि तत्कालीन पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो उचलून धरला. पुढे तो शहरातील इतर ठाण्यांत नेला गेला. खालून आलेली सूचना ऐकणे, एका ठाण्यात पडताळणे आणि मग पसरवणे हा क्रम नेतृत्वाच्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक शिकवणारा आहे.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की नेतृत्व अनुभवाने येते, वर्गात नाही; जुना हवालदार कोणत्याही अभ्यासक्रमापेक्षा जास्त जाणतो. त्यात तथ्य आहे. पण अनुभव चांगले आणि वाईट दोन्ही सारख्याच निष्ठेने पुढे देतो. अमेरिकेतील इंडियानापोलिस व सेंट पीटर्सबर्ग या शहरांतील पर्यवेक्षकांच्या अभ्यासात संशोधक रॉबिन एंगेल यांना चार शैली आढळल्या. हाताखालच्यांबरोबर स्वतः रस्त्यावर उतरणाऱ्या सक्रिय पर्यवेक्षकांचे शिपाई आपणहून अधिक काम करत होते. पण हे पर्यवेक्षक आणि त्यांचे शिपाई बळाचा वापरही अधिक करत होते. म्हणजे वरिष्ठाचे उदाहरण खाली उतरते हे खरे, पण जे उतरते ते चांगलेच असेल याची हमी नाही. अनुभवातून चांगले ते निवडून घ्यायला शिकवणे हे प्रशिक्षणाचे काम आहे. म्हणूनच नव्या फौजदाराला ठाण्यात कोणाच्या हाताखाली बसवायचे, हा प्रशासकीय सोयीचा प्रश्न नसून प्रशिक्षणाचाच भाग मानला पाहिजे.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. पोलीस हे गणवेशातील दल आहे, वरिष्ठ समजावत बसले तर आदेशाचा धाक उरणार नाही, असे म्हटले जाते. दंगलीच्या बंदोबस्तात आदेशावर चर्चा होऊ शकत नाही, हे कोणीही नाकारणार नाही. पण पोलिसाच्या वर्षातील बहुतेक दिवस दंगलीचे नसतात. सिएटल शहरात निवडक पोलिसांना त्यांच्या पर्यवेक्षकांनी बोलावून, शिक्षेचा उद्देश न ठेवता, त्यांनी हाताळलेल्या एका प्रसंगावर शांतपणे चर्चा केली. त्यानंतर त्या पोलिसांकडून अटकेने मिटवलेल्या प्रसंगांचे आणि बळाच्या वापराचे प्रमाण घटल्याचे आढळले. शिवाय ज्या चुकांना न्यायालये माफी देत नाहीत, त्या नेमक्या पर्यवेक्षणातील ढिलाईच्या असतात. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणी १९९६ मध्ये घालून दिलेले अटकेचे नियम, ललिता कुमारी प्रकरणी २०१३ मध्ये बंधनकारक ठरवलेली दखलपात्र गुन्ह्याची नोंद, आणि परमवीर सिंग सैनी प्रकरणी २०२० मध्ये ठाण्यातील सीसीटीव्ही चालू ठेवण्याची प्रभारी अधिकाऱ्यावर टाकलेली जबाबदारी, या तिन्हींचे पालन धाकावर चालत नाही. रोज कोणीतरी पाहिले तरच ते होते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मनुष्यबळ अपुरे, बंदोबस्त अखंड, बदल्यांत राजकीय हस्तक्षेप. अशा स्थितीत कौशल्य शिकवून उपयोग काय? सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह प्रकरणी २२ सप्टेंबर २००६ रोजी दिलेल्या निर्देशांत ठाणे प्रमुख व जिल्हा अधीक्षक यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ मागितला, तो याच जाणिवेतून. महाराष्ट्राने पुढे पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्यांचा सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षे आणि कर्मचाऱ्यांचा पाच वर्षे ठरवला. मात्र अपवादात्मक परिस्थितीत मुदतपूर्व बदलीची वाट मोकळी ठेवली. जो ठाणेदार सहा महिन्यांत जाणार हे सर्वांना ठाऊक असते, त्याचा शेरा कोणी मनावर घेत नाही, आणि तोही कोणाला घडवण्याच्या फंदात पडत नाही. म्हणून हा आक्षेप प्रशिक्षणाविरुद्ध जात नाही. ते कोणत्या अटींवर फळते, एवढे तो सांगतो. राजस्थानात यशस्वी ठरलेल्या उपायांत प्रशिक्षणाबरोबर बदल्या गोठवणेही होते, हे येथे महत्त्वाचे. आणि मनुष्यबळ कमी असते तेव्हा असलेल्या माणसांचे काम वाया न जाऊ देणे, म्हणजे पर्यवेक्षण, अधिकच गरजेचे होते.

यावरून प्रशिक्षणाचे मूल्यमापन कसे करावे, याची दिशा मिळते. किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, ही संख्या दलाला सोयीची असली तरी तिच्यातून कौशल्याविषयी काही समजत नाही. प्रशिक्षित पर्यवेक्षकाच्या ठाण्यात केस डायरीवरील शेरे नेमके झाले का, तक्रारदाराला परत पाठवण्याचे प्रमाण घटले का, साप्ताहिक सुटी खरोखर मिळते का, आणि त्याच्या हाताखालून बढती मिळवून गेलेला हवालदार दुसऱ्या ठाण्यात कसे काम करतो, या कसोट्या कठीण पण खऱ्या आहेत. त्यांतील पहिल्या तीन उपविभागीय अधिकाऱ्याला वार्षिक तपासणीत नोंदी वाचून आणि तक्रारदार व शिपायांशी बोलून पाहता येतात, त्यासाठी नवा विभाग उभारावा लागत नाही. चौथीसाठी सेवापुस्तकात पर्यवेक्षकाच्या नावासमोर त्याने घडवलेल्या माणसांची नोंद ठेवावी लागेल. आज तेथे बक्षिसे व शिक्षा लिहिल्या जातात, माणसे घडवल्याची नोंद नसते. दलाने घडवण्याला सेवेची गुणवत्ता मानले, तरच हे कौशल्य शिकणे अधिकाऱ्याच्या स्वतःच्या हिताचे ठरेल.