निर्वेध : खरेदीखतातील एका शब्दाचा पूर्वेतिहास

मराठीचे अध्यापन करणाऱ्या माणसाने जमीन घेऊ नये, निदान तिची कागदपत्रे स्वतः वाचू नयेत, असे आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणत असत. व्यवहार राहतो बाजूला आणि माणूस शब्दांत अडकतो. गेल्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून तालुक्याच्या गावाबाहेर सव्वा एकर शेतजमीन घ्यायचे ठरवले तेव्हा नेमके हेच झाले. (दोघांच्याही नावे गावाकडे थोडी शेती आहे, म्हणून कुळकायद्याची अडचण नव्हती.) वकिलांनी दुय्यम निबंधक कार्यालयात तीस वर्षांचा शोध घेतला. अहवालाचा अखेरचा परिच्छेद असा, की मिळकत 'निर्वेध, निर्जोखमी व बोजारहित' आहे. वकिलांचे काम येथे संपले. आमचे सुरू झाले.

'निर्वेध' हा शब्द आपण एरवी कधी वापरतो? 'निर्वेधपणे पार पडले' असे एखाद्या समारंभाविषयी म्हणतो, इतकेच. खरेदीखतात मात्र त्याच्या अंगावर फार मोठी जबाबदारी आहे. या जमिनीवर दुसऱ्या कोणाचे देणे नाही, दावा नाही, गहाण नाही, पोटगीचा हक्क नाही, वाटणी मागणारा भाऊ नाही, एवढे सारे नकार त्या एका उपसर्गात भरलेले असतात. विकणाऱ्याने हे सांगायचे आणि घेणाऱ्याने ते पडताळायचे, ही रीत आपल्याकडे किती जुनी आहे हे पाहू लागलो आणि काही आठवडे त्यातच गेले.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वास्तुविक्रयाचे प्रकरण आहे. जमीन विकत घेण्याचा पहिला अधिकार नातलगांचा, त्यानंतर शेजाऱ्यांचा आणि तिसऱ्या क्रमाने धनिकांचा, म्हणजे ज्यांचे पैसे येणे आहेत त्यांचा, असे तेथे म्हटले आहे. शेताची विक्री असेल तर गावचे वृद्ध आणि शेजारी यांच्या समक्ष, बांधावर उभे राहून, 'या किमतीला कोण घेतो' असे तीनदा पुकारायचे. कोणी हरकत घेतली नाही तरच घेणाऱ्याने घ्यायचे. धनकोला या यादीत स्थान मिळाले त्यामागील व्यवहारज्ञान आम्हांला फार मार्मिक वाटले. ज्याचे देणे आहे तो विक्रीच्या वेळी बांधावरच उभा असेल तर बोजा लपणार कसा? आज वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरांत 'जाहीर नोटीस' छापून येते, अमुक दिवसांत हरकत कळवावी, अन्यथा हक्क सोडून दिला असे समजण्यात येईल, ती त्या तीन पुकाऱ्यांचीच वंशज आहे. फरक इतकाच की बांधावरचा पुकारा शेजाऱ्याला ऐकू येत असे. नोटीस तो वाचतोच असे नाही.

अकराव्या शतकाच्या अखेरीस व बाराव्याच्या आरंभी, कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी पुढे हिंदू कायद्यासाठी जिचा मुख्य आधार घेतला ती हीच टीका. जमीन सहा गोष्टींनी दुसऱ्याकडे जाते, असे एक वचन तीत आले आहे : गावाची, ज्ञातींची, सामंतांची म्हणजे शेजाऱ्यांची आणि दायादांची संमती, आणि सोने व उदक यांचे दान. विज्ञानेश्वर या प्रत्येकीचे कारण शोधतो. गावाच्या संमतीवाचून व्यवहार अडत नाही, ती केवळ तो उघड व्हावा यासाठी. शेजाऱ्याची संमती सीमेचे तंटे टाळण्यासाठी. आणि सोने-पाणी कशाला? स्थावराची विक्री निषिद्ध, असे दुसरे वचन आहे. म्हणून विक्री करायचीच असेल तर हातावर पाणी सोडून तिला दानाचे रूप द्यायचे. विक्रीने दानाचा वेष घेतला. हे वाचताना आम्ही थबकलो, कारण आठशे वर्षांनी याच भूमीत गहाणाने विक्रीचा वेष घेतलेला आम्हांला ठाऊक होता.

गहाणाविषयी स्मृतिकारांचा कटाक्ष मोठा आहे. गहाण, दान आणि विक्री यांच्या बाबतीत आधीचा व्यवहार बलवत्तर, असा याज्ञवल्क्याचा नियम आहे. एकाकडे गहाण टाकलेली जमीन न सोडवता दुसऱ्याला देणाऱ्यास विष्णुस्मृती कठोर दंड सांगते. आधि म्हणजे गहाण. त्याचे गोप्य आणि भोग्य असे भेद, पहिल्यात वस्तू नुसती राखायची, दुसऱ्यात तिचा उपभोग घ्यायचा. मराठीत हाच विषय 'कब्जेगहाण' आणि 'नजरगहाण' या शब्दांनी उतरला. नजरगहाणाला दुसरा शब्द 'दृष्टबंधक'. एक अरबी नजरेचा, दुसरा संस्कृत दृष्टीचा, अर्थ मात्र एकच : जमीन कुणब्याच्याच ताब्यात, सावकाराची तिच्यावर फक्त नजर. मराठी दस्तऐवजांची भाषा दोन प्रवाहांच्या संगमावर घडली असे आपण वर्गात सांगतो, त्याला याहून नेमके उदाहरण आम्हांला तरी सुचत नाही.

आणि खरी अडचण या नजरेतच आहे. कब्जेगहाण बांधावरून दिसते, कारण नांगर दुसऱ्याचा चालतो. नजरगहाण दिसत नाही. मराठेशाहीत वतनाचे आणि मिरासीचे व्यवहार गोतापुढे होत, महजरावर पाटील नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्यारांच्या निशाण्या करीत. पुढे कोणी कथळा केला तर त्याचे निवारण विकणाऱ्याने करावे अशी हमी खतात असे. गावाची स्मृती हेच दप्तर होते. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. त्या मजलसीत कोणाला बसायला जागा होती आणि कोण वेशीबाहेर उभे होते, हे आपण सारे जाणतो. परंतु ज्यांची जमीन होती त्यांच्यापुरता बोजा उघड होता.

इंग्रजी अमलात ही स्मृती कागदावर गेली. १८३६ पासून इंदापुरात गोल्डस्मिड व विंगेट यांची मोजणी-आकारणी सुरू झाली, सारा ठरला, शेताला क्रमांक मिळाला आणि जमीन हे सावकाराच्या दृष्टीने उत्तम तारण झाले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न झालेल्या कर्जरोख्यावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू कुणब्याच्या रक्षणाचा होता. परिणाम असा झाला की दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुदलात धरून नवा रोखा लिहून घेऊ लागला. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि पुणे व नगर जिल्ह्यांतील गावांत पसरला. दंगेखोरांनी माणसांना मारले क्वचितच. त्यांना हवे होते ते कागद, आणि ते मिळाले की जाळले जात. शब्दांची एवढी भीती आणि एवढी किंमत मराठी प्रदेशात दुसऱ्या कोणत्या प्रसंगी दिसली असेल, आम्हांला सांगता येत नाही.

त्यानंतर चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. शेतकऱ्याने करून दिलेले दस्त ग्राम-निबंधकासमोर लिहिले जावेत आणि न्यायालयाने रोख्याच्या मागे जाऊन मूळ देणे किती हे शोधावे, अशी तरतूद त्यात होती. महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' याच काळातला, १८८३ चा. सावकार आता गहाणखत लिहून घेईनात. ते सरळ खरेदीखत लिहून घेत आणि पैसे परत केल्यावर जमीन परत देऊ असे तोंडी सांगत. म्हणून त्या कायद्यात पुढे कलम १०अ घालावे लागले : दिसायला विक्री असलेला व्यवहार मुळात गहाण होता, हे तोंडी पुराव्याने दाखवण्याची मुभा. मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याला १९२९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने याउलट असे ठरवले की परतीची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण समजू नये. एक कायदा कागदामागचा शब्द ऐकायला तयार होता, दुसऱ्याने कागदापुरते ऐकायचे ठरवले. पहिला पुढे रद्द झाला. दुसरा राहिला.

आता आमच्या सव्वा एकराकडे येऊ. वकील तीसच वर्षे का पाहतात, हा आमचा बाळबोध प्रश्न होता. एक कारण पुराव्याच्या कायद्यात आहे : योग्य ठिकाणाहून आलेला तीस वर्षांपूर्वीचा दस्त खरा मानता येतो. दुसरे मुदतीच्या कायद्यात. गहाण सोडवण्याची मुदत १९०८ च्या कायद्यात साठ वर्षे होती, ती १९६३ च्या कायद्याने तीस केली. म्हणजे तीस वर्षांपलीकडचे जग कायद्याच्या दृष्टीने बहुतांशी निजलेले असते. शोधाचे साधन म्हणजे नोंदणी कार्यालयाची सूची क्रमांक दोन, जिला सारा गाव 'इंडेक्स टू' म्हणतो; फी भरून ती कोणालाही पाहता येते. तीत नोंदवलेले तेवढेच दिसते. शहरांत मूळ कागद बँकेत नुसते ठेवून कर्ज काढण्याची रीत आहे, त्या गहाणाला नोंदणीची सक्ती नव्हती, म्हणून कित्येक वर्षे ते सूचीत दिसतच नसे. ३१ मार्च २०११ रोजी अशा तारणांची केंद्रीय नोंदवही सुरू झाली तेव्हा कुठे या नव्या नजरगहाणाला डोळे फुटले. शेतजमिनीसाठी सातबारा असतोच. त्यावर 'इतर हक्क' नावाचा रकाना आहे. सोसायटीचा बोजा, कूळ, विहिरीतील हिस्सा, वहिवाटीची वाट, सारे तेथे. आमच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर तो रकाना कोरा होता.

तरीही तहसीलच्या अभिलेख कक्षातून आम्ही जुने फेरफार काढले. गरज नव्हती, सवय होती. १९६१ च्या एका फेरफारात दोन शब्द होते : 'मुदत खरेदी'. रक्कम नऊशे, मुदत पाच वर्षे. पुढच्या फेरफारात, १९६८ च्या, जमीन तिसऱ्या माणसाला विकली गेली आणि तेथे फक्त 'खरेदी' उरली. 'मुदत' हा शब्द वाटेत कोठेतरी गळाला. आज आम्हांला जमीन विकणारे गृहस्थ त्या तिसऱ्याचे चिरंजीव. त्यांना यातले काही ठाऊक नाही आणि त्यांचा काही दोषही नाही. वकील म्हणाले, गहाण मानले तरी १९६६ मध्ये सोडवण्याचा हक्क आला, १९९६ मध्ये मुदत संपली. निर्वेध. आणि ते बरोबर होते.

येथे एक खाजगी गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्यापैकी एकाच्या घरी नगर जिल्ह्यातील एका मळ्याचा उल्लेख आजतागायत 'आपला मळा' असा होतो, जरी तो मळा पणजोबांच्या वेळीच गेला. तोंडी शब्दावर खरेदीखत करून दिले होते. पणजोबा पैसे घेऊन गेले तेव्हा सावकार वारलेला होता आणि त्याच्या मुलाने कागद दाखवला. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश' चित्रपटगृहात पाहून आलेली आजी त्यातल्या सावकाराला त्या मुलाच्या नावाने ओळखत असे. त्या घरातला माणूस आता 'मुदत' गळालेला कागद हातात धरून खरेदीदाराच्या बाजूला उभा होता.

फेरफारावरचे आडनाव आम्ही पूर्वेच्या बांधापलीकडे ऐकले होते. मूळ गटाचा उरलेला अर्धा त्याच कुटुंबाकडे आहे. एका रविवारी गेलो. साठीचे शेतकरी, त्यांनी बाज टाकली, पाणी दिले. आम्ही चाचरत विषय काढला. त्यांना सगळे माहीत होते, नऊशेचा आकडासुद्धा. "आज्यानं सहाशे जमवले होते, मग बाहत्तरचा दुष्काळ आला," ते म्हणाले. मुदत तेव्हा केव्हाच सरली होती, पण आजोबांच्या लेखी सरली नव्हती. हरकत घेणार का, असे विचारण्याचे आम्हांला धैर्य झाले नाही. त्यांनीच सांगितले, "घ्या सर तुम्ही. कुणी तरी घेणारच. आमचं म्हणणं काही नाही. तेवढी बांधाच्या आतली चिंच ठेवा. आज्यानं लावल्याली हाय."

सामंतांची संमती म्हणतात ती हीच काय, असे परतताना आमच्यापैकी एकजण म्हणाला. दुसरा बोलला नाही.

खरेदीखताचा मसुदा आता आमच्यापुढे आहे. मिळकतीच्या वर्णनात, यादवकालीन दानपत्रांपासून चालत आलेली शब्दावळ वकिलांच्या लेखनिकाने सवयीने टंकली आहे : जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह. चिंच अर्थातच त्यातल्या 'तरु'मध्ये आली. ती तोडली जाणार नाही आणि तिच्या सावलीचा व फळाचा उपभोग पूर्वेच्या शेजाऱ्यांना राहील, एवढे एक वाक्य घालावे, अशी विनंती आम्ही वकिलांना केली. त्यांनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिले. तसे लिहिले तर तो बोजा होईल, ते म्हणाले. उद्या तुम्हांला विकायची झाली तर मिळकत निर्वेध राहणार नाही. आम्ही वाक्य लिहून दिले. पुढल्या आठवड्यात नोंदणी आहे.